नवता आणि स्थैर्य : मुक्त आज्ञावलीच्या प्रकाशनामागील शिस्त

तालुक्याच्या गावी असलेल्या शाळेत वीस संगणकांचा एक कक्ष आहे, अशी कल्पना करावी. हे संगणक एकदा नीट चालू झाले म्हणजे शिक्षकाची अपेक्षा एवढीच असते, की आज जसे ते चालले तसेच उद्याही चालावेत. शिकविण्याच्या तासिकेत एखादी खिडकी उघडू नये, काल छापले गेलेले गुणपत्रक आज अडून बसू नये. परंतु त्याच शिक्षकाला नव्याने आलेल्या छपाई यंत्राशी जुळवून घेणारी, देवनागरी अक्षरे अधिक सुबक दाखविणारी आणि नव्या धोक्यांपासून संरक्षण देणारी प्रणालीही हवी असते. या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. मात्र त्या एकाच वेळी पुरविणे हे प्रणाली तयार करणाऱ्यांच्या दृष्टीने अत्यंत अवघड काम असते. प्रत्येक नवी सुविधा आपल्याबरोबर काही अज्ञात दोष घेऊन येते. आणि एकही नवी सुविधा न घेतल्यास प्रणाली हळूहळू निरुपयोगी होते.

मोठी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच्या काही महिन्यांत हा पेच सर्वांत तीव्र होतो. तो कसा सोडविला जातो, हे शासकीय कार्यालये, शाळा व पंचायती यांना समजून घेणे उपयोगाचे आहे. कारण प्रणाली निवडण्याचा आणि ती बदलण्याचा निर्णय आता त्यांनाही घ्यावा लागतो.

मालक नसलेले काम

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे हे सांगणाऱ्या सूचनांचा संच म्हणजे आज्ञावली अथवा सॉफ्टवेअर. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड, कोणालाही वाचता येते, बदलता येते व इतरांना देता येते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. एखाद्या कंपनीने तयार केलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ‘आता पुरे, यापुढे नवे काही घ्यावयाचे नाही’ असे सांगणारा अधिकारी कंपनीतच असतो. मुक्तस्रोत आज्ञावलीच्या अनेक प्रकल्पांत मात्र काम करणारे लोक निरनिराळ्या देशांत राहणारे स्वयंसेवक असतात. त्यांना वेतन नसते आणि त्यांच्यावर हुकूमही चालत नाही. अशा वेळी थांबण्याची शिस्त सर्वांच्या संमतीने व लेखी नियमांनीच निर्माण करावी लागते.

‘डेबियन’ ही प्रणाली याचे उत्तम उदाहरण होय. अमेरिकेतील इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. डेब्रा आणि इयन या दोन नावांच्या संयोगातून ‘डेबियन’ हे नाव तयार झाले. लिनक्स या गाभ्याभोवती हजारो आज्ञावलींची जुळणी करून एक परिपूर्ण प्रणाली सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून द्यावयाची, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. प्रत्येक आज्ञावली ‘पॅकेज’च्या रूपाने दिली जाते. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाराव्या आवृत्तीत सुमारे ६४,४०० पॅकेजे होती. ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत ही संख्या सुमारे ६९,८०० वर गेली. त्यांपैकी १४,००० हून अधिक पॅकेजे नवी होती, तर कालबाह्य ठरलेली ८,८०० हून अधिक पॅकेजे वगळण्यात आली होती.

ही पॅकेजे एकमेकांवर अवलंबून असतात. अनेक आज्ञावलींना लागणारी सामाईक कामे करणाऱ्या संहितेच्या संचास ‘लायब्ररी’ म्हणतात. अशा एका लायब्ररीतील बदल तिच्यावर विसंबणाऱ्या शेकडो पॅकेजांना जाणवतो. त्यामुळे कोणत्याही दिवशी उठून ‘आज आहे ते सर्व एकत्र करा आणि वाटा’ असे म्हणता येत नाही.

तीन शाखांची व्यवस्था

या अडचणीवर डेबियनने काढलेला उपाय म्हणजे तीन शाखांची रचना. पहिली अस्थिर शाखा. नवे पॅकेज प्रथम येथे येते. दुसरी चाचणी शाखा आणि तिसरी स्थिर शाखा. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे देण्याची प्रथा आहे. त्यांपैकी अस्थिर शाखेला कायमचे मिळालेले नाव ‘सिड’ हे शेजारच्या खेळणी मोडणाऱ्या मुलाचे आहे. येथे मोडतोड होणार, हे नावातच मान्य केलेले आहे.

अस्थिर शाखेतून चाचणी शाखेत जाण्याकरिता पॅकेजला काही अटी पूर्ण कराव्या लागतात. ठरावीक दिवस, साधारणतः दोन ते दहा, त्याला अस्थिर शाखेत काढावे लागतात, जेणेकरून ते वापरणाऱ्यांना दोष आढळण्यास अवधी मिळावा. त्याच्यामुळे चाचणी शाखेतील दुसरे पॅकेज निकामी होता कामा नये. आणि त्यात नवे गंभीर दोष असता कामा नयेत. दोषांची तीव्रता ठरविण्याची पद्धतही लेखी आहे. माहिती नष्ट करणारा, सुरक्षिततेला बाधा आणणारा अथवा पॅकेज निरुपयोगी करणारा दोष ‘प्रकाशन रोखणारा’ मानला जातो. बटणाचा रंग चुकला, एवढ्याने प्रकाशन अडत नाही.

चाचणी शाखा पुरेशी परिपक्व झाली म्हणजे तिलाच स्थिर शाखेचा दर्जा मिळतो. ही अवस्था येण्यापूर्वी जी प्रक्रिया पार पाडली जाते, तिला ‘गोठवण’ म्हणतात.

गोठवणीचे टप्पे

गोठवण एका दिवसात होत नाही. तेराव्या आवृत्तीच्या वेळी तिचे टप्पे पुढीलप्रमाणे होते. १५ मार्च २०२५ पासून मूलभूत साधने आणि ज्यांमुळे अनेक पॅकेजे पुन्हा बांधावी लागतात असे मोठे बदल थांबविण्यात आले. १५ एप्रिलपासून सौम्य गोठवण सुरू झाली. तिच्यात चाचणी शाखेत नसलेल्या पॅकेजांना प्रवेश बंद होतो आणि असलेल्या पॅकेजांत केवळ लहान, नेमक्या दुरुस्त्या अपेक्षित असतात. १५ मे रोजी कठोर गोठवण आली. यानंतर महत्त्वाच्या पॅकेजांत, तसेच स्वयंचलित चाचण्या नसलेल्या पॅकेजांत बदल करावयाचा झाल्यास प्रकाशन गटाची परवानगी घ्यावी लागते. २७ जुलैपासून पूर्ण गोठवण झाली. आता प्रत्येक बदलास परवानगी आवश्यक होती. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

परवानगी मागण्याची रीत शासकीय टिप्पणीशी मिळतीजुळती आहे. पॅकेज सांभाळणाऱ्याने जुन्या व नव्या संहितेतील फरक ओळीओळीने दाखवावा लागतो, बदलाचे कारण लिहावे लागते आणि त्यात कोणता धोका संभवतो हेही नमूद करावे लागते. प्रकाशन गटातील सदस्य तो फरक वाचून निर्णय देतात. हे सर्व व्यवहार खुले असतात. कोणालाही ते पाहता येतात.

गोठवणीचे खरे मर्म येथेच आहे. गोठवणीपूर्वी एखादा बदल नाकारावयाचा असेल तर नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागते. गोठवणीनंतर बदल स्वीकारावयाचा असेल तर मागणाऱ्याला कारण द्यावे लागते. काम थांबत नाही. पुराव्याची जबाबदारी मात्र एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते. पंचायत सदस्यांना मतदार यादीचा अनुभव आहे. यादी तयार होत असताना नावे सहज घेतली जातात. ती अंतिम झाल्यावर प्रत्येक दुरुस्तीला ठरवून दिलेली कार्यपद्धती लागते. तसे नसते तर मतदानाच्या दिवशी कोणती यादी खरी, याविषयी कोणालाच खात्री देता आली नसती.

ज्या पॅकेजातील गंभीर दोष मुदतीत दूर होत नाही आणि जे इतरांना अत्यावश्यक नाही, ते पॅकेज चाचणी शाखेतून वगळले जाते. वर्षानुवर्षे परिश्रम करणाऱ्या स्वयंसेवकाला हे कटू वाटते. तथापि एका पॅकेजासाठी उरलेल्या सर्वांना खोळंबून ठेवणे अधिक अन्यायाचे ठरते.

विलंबाचीही किंमत असते

स्थैर्याचा आग्रह निर्दोष आहे, असे मात्र समजण्याचे कारण नाही. डेबियनची ‘वुडी’ ही आवृत्ती १९ जुलै २००२ रोजी निघाली. त्यानंतरची ‘सार्ज’ ६ जून २००५ रोजी, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी आली. प्रणाली संगणकावर बसविण्याची नवी पद्धत पूर्णपणे नव्याने लिहिली जात होती, सुरक्षाविषयक यंत्रणेची सिद्धता व्हावयाची होती, आणि सर्व काही सिद्ध झाल्याशिवाय प्रकाशन नाही, असा कटाक्ष होता. परिणामी ज्यांनी २००४ मध्ये नवे संगणक घेतले त्यांना २००२ च्या स्थिर आवृत्तीत त्या यंत्रांसाठी लागणारी साधने मिळेनात. अनेकांनी नाइलाजाने चाचणी अथवा अस्थिर शाखा वापरण्यास सुरुवात केली. स्थैर्याच्या अतिआग्रहाने लोकांना अस्थैर्याकडे ढकलले, असेच म्हणावे लागेल.

याच सुमारास, ऑक्टोबर २००४ मध्ये, मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने डेबियनवर आधारलेली ‘उबुंटू’ ही प्रणाली निघाली. दर सहा महिन्यांनी, एप्रिल व ऑक्टोबर या महिन्यांत, नवी आवृत्ती देण्याचा तिचा संकल्प होता. येथे तारीख निश्चित होती. जी सुविधा तयार नसेल ती पुढील आवृत्तीसाठी थांबे. पुढील आवृत्ती सहाच महिन्यांवर असल्याने थांबणे फारसे जड जात नसे. तथापि २००६ मध्ये प्रथमच दीर्घकाळ साहाय्य देण्याचे अभिवचन असलेली आवृत्ती काढण्याची वेळ आली, तेव्हा उबुंटूनेही एप्रिलची तारीख सहा आठवड्यांनी पुढे नेली आणि ती आवृत्ती १ जून २००६ रोजी प्रसिद्ध केली. ज्या आवृत्तीवर कार्यालये वर्षानुवर्षे विसंबणार, तिला अधिक अवधी देणे योग्य होते.

डेबियननेही आपल्या अनुभवातून मधला मार्ग स्वीकारला. प्रकाशनाची तारीख आगाऊ बांधून न घेता गोठवणीची तारीख आगाऊ जाहीर करावयाची, हा तो मार्ग. गोठवण केव्हा होणार हे सर्वांना ठाऊक असल्याने प्रत्येक जण आपले मोठे काम तत्पूर्वी उरकतो. गोठवणीनंतर प्रकाशन केव्हा, हे उरलेल्या दोषांवरून ठरते. २०१३ पासूनच्या आवृत्त्या पाहिल्यास त्या सुमारे दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या दिसतात.

अर्ध्या सेकंदाचा प्रसंग

ही शिस्त किती मोलाची आहे, हे २०२४ मधील एका घटनेने दाखवून दिले. फायलींचा आकार कमी करणारी ‘एक्स-झेड’ नावाची एक लहानशी आज्ञावली असंख्य प्रणालींत वापरली जाते. दोनएक वर्षे उपयुक्त काम करून विश्वास संपादन केलेल्या एका सहभागी व्यक्तीने तिच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा मार्ग दडवून ठेवला होता. दुसऱ्या संगणकावर दुरून काम करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेवेत त्यामुळे विशिष्ट किल्ली बाळगणाऱ्याला शिरकाव करता आला असता. या नव्या आवृत्त्या निरनिराळ्या प्रणालींनी लवकर स्वीकाराव्यात, असा आग्रहही धरला जात होता.

अँड्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियनच्या अस्थिर शाखेवर दुसऱ्याच एका कामाच्या चाचण्या घेत होते. दुरून प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्याचे कारण शोधीत ते या छुप्या मार्गापर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ही बाब जाहीर केली. दूषित पॅकेज डेबियनच्या अस्थिर व चाचणी शाखांत पोहोचले होते. स्थिर शाखेत जुनीच आवृत्ती असल्याने ती सुरक्षित राहिली. डेबियनने तत्काळ जुनी संहिता परत आणली. उबुंटूने आपल्या आगामी आवृत्तीचे चाचणीरूप एक आठवडा पुढे ढकलून संशयास्पद काळात बांधलेली पॅकेजे नव्याने बांधली. नव्याला प्रतीक्षेत ठेवण्याची पद्धत नसती, तर हा छुपा मार्ग जगभरातील कार्यालयांच्या व रुग्णालयांच्या यंत्रांत पोहोचण्याची शक्यता होती.

गोठवणीची मर्यादा

तथापि गोठवण म्हणजे सर्व दोषांवरील रामबाण उपाय नव्हे. २००६ मध्ये डेबियनमधील ‘ओपन-एसएसएल’ या पॅकेजात एक छोटीशी दुरुस्ती करण्यात आली. गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी लागणारे यादृच्छिक अंक हे पॅकेज पुरविते. दोष शोधणाऱ्या एका साधनाने इशारा दिल्यामुळे त्यातील दोन ओळी बाद करण्यात आल्या. मूळ आज्ञावलीच्या विकासकांच्या मंडळात याबाबत विचारणाही झाली होती. हेतू स्वच्छतेचा होता. नवी सुविधा आणण्याचा नव्हता. परंतु त्या ओळींबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सर्व आधार निघून गेला आणि किल्ल्या ठरविण्यासाठी अवघ्या ३२,७६८ शक्यतांचा एक क्रमांक तेवढा उरला. हा बदल गोठवणीतून निर्वेधपणे पार पडला व एप्रिल २००७ च्या स्थिर आवृत्तीत गेला. कारण वरकरणी काहीच बिघडले नव्हते. लुचानो बेल्लो यांनी दोष शोधल्यानंतर १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. अशा यंत्रांवर तयार झालेल्या किल्ल्या जगभर रद्द करून नव्याने कराव्या लागल्या.

‘लहान बदल म्हणजे सुरक्षित बदल’ या समजुतीला या घटनेने धक्का दिला. बदल किती ओळींचा आहे यापेक्षा तो कोणत्या जागी आहे, त्या जागेचे काम काय आणि ते जाणणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीने तो वाचला आहे काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

मोठे बदल केव्हा करावेत

स्थैर्य म्हणजे जैसे थे राहणे, असाही अर्थ घेता येत नाही. पुष्कळ प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवितात. हा आकडा ३२ बिटांच्या जागेत साठविला तर १९ जानेवारी २०३८ रोजी ती जागा अपुरी पडेल आणि संगणकाला १९०१ साल दिसू लागेल. हा धोका टाळण्यासाठी डेबियनने तेराव्या आवृत्तीत ३२ बिटी यंत्रांवरही वेळ ६४ बिटांत साठविण्याची व्यवस्था केली. जुन्या आज्ञावलींशी सुसंगती राखण्याकरिता ३२ बिटी इंटेल यंत्रांचा प्रकार तेवढा वगळण्यात आला. असंख्य लायब्रऱ्यांना स्पर्श करणारा हा बदल २०२४ च्या आरंभी, म्हणजे गोठवणीपूर्वी वर्षभर आधी हाती घेण्यात आला. काही आठवडे अस्थिर शाखा विस्कळीत झाली. परंतु ती सावरण्यास पुरेसा अवधी होता. हेच काम गोठवणीच्या तोंडावर सुरू झाले असते, तर प्रकाशनच धोक्यात आले असते. मोठे बदल आरंभी, लहान बदल मध्यावर आणि शेवटी केवळ दुरुस्त्या, असा हा क्रम आहे.

भारतातील व मराठीतील संदर्भ

भारताशी या विषयाचा संबंध निकटचा आहे. पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच ‘सी-डॅक’ने, २००७ मध्ये प्रसृत केलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. केरळमधील शाळांतून मुक्तस्रोत प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आणि सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोची येथे भरली होती. मूळ प्रणालीतील स्थैर्याचा अथवा दोषाचा परिणाम तिच्यावर आधारलेल्या प्रणालींपर्यंत पोहोचतो.

मराठी भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांना तर गोठवणीचे महत्त्व प्रत्यक्ष जाणवते. अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांत संहितेबरोबरच पडद्यावर दिसणारी वाक्येही ठरावीक दिवसापासून गोठविली जातात. त्यानंतरच भाषांतरकारांना निश्चिंतपणे काम संपविता येते. अखेरच्या आठवड्यात एखाद्या विकासकाने इंग्रजी वाक्य ‘थोडेसे सुधारले’, तर त्याचे मराठी रूप तुटते आणि मराठी पडद्यावर मधेच इंग्रजी ओळ उमटते. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी ती सुधारणा अडथळाच ठरते.

कार्यालयांनी घ्यावयाचा बोध

शाळा, पंचायती व कार्यालये यांनी दैनंदिन कामासाठी स्थिर आवृत्तीच निवडावी, हे उघड आहे. निवड करताना त्या आवृत्तीला सुरक्षाविषयक दुरुस्त्या किती काळ मिळणार हे विचारून घ्यावे. डेबियनच्या आवृत्तीस साधारणतः तीन वर्षे नियमित आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन साहाय्य मिळते. आलेल्या सुरक्षा दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. त्या टाळणे म्हणजे स्थैर्य राखणे नव्हे. मोठी आवृत्ती बदलावयाची झाल्यास ती प्रथम एकाच संगणकावर बसवून छपाई, देवनागरी टंकलेखन व नेहमीच्या फायली तपासून पाहाव्यात आणि माहितीची प्रत आधीच वेगळी ठेवावी. मार्चअखेरीचे हिशेब अथवा वार्षिक परीक्षांचे निकाल हातात असताना असा बदल करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आढळलेला दोष कळवावा. वापरणाऱ्याने कळविलेली अडचण मुक्तस्रोत प्रकल्पांत नोंदविली जाते, तिला क्रमांक मिळतो आणि प्रकाशनापूर्वी तिचा विचार होतो. गोठवणीचा काळ हा मुख्यतः अशा तक्रारी निकालात काढण्यासाठीच राखून ठेवलेला असतो. शाळेतील वीस संगणकांपैकी एकावर आढळलेला आणि वेळीच कळविलेला दोष पुढील आवृत्तीत असंख्य संगणकांवर टळू शकतो.